यंत्र सुरू का होत नाही?
घरगुती ध्वनियंत्राच्या निमित्ताने



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने संतवाङ्मयावर बोलावे, सहकारावर बोलावे, फार तर ऊस आणि पाणी यांवर बोलावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. त्या पंगतीला घरातल्या एका बंद पडलेल्या यंत्राला पाट मांडून बसवणे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. परंतु गडमुडशिंगीसारख्या, कोल्हापूर शहराला खेटून वाढलेल्या गावांत आज ज्या घरी मोठा टीव्ही आहे त्यांपैकी कित्येक घरी त्याच्याखाली एक काळा, जड, चपटा पेटारा असतो. त्याला कोणी 'होम थिएटर' म्हणतो, कोणी 'रिसीव्हर' म्हणतो, कोणी नुसताच 'ॲम्प्लिफायर' म्हणतो. त्याच्या पोटात ध्वनीचे पृथक्करण करणारा प्रोसेसर असतो. एखाद्या संध्याकाळी पाहुणे बसलेले असताना यजमान बटन दाबतात आणि पेटारा उठत नाही. बटन पुन्हा दाबले जाते, मग दहा वेळा दाबले जाते, मग वरून एक थापटी बसते, आणि शेवटी "बोर्ड उडालाय, आता नवीनच घ्या" असा निकाल कोणीतरी देऊन मोकळा होतो.

या निकालापूर्वी चौकशी कशी करावी, एवढाच आजचा विषय. तो क्षुल्लक नाही. अशा यंत्रात काही महिन्यांची बचत अडकलेली असते. शिवाय त्याच्या पोटात माणसाचा जीव घेण्याइतका विजेचा दाब असतो. पैसा आणि जीव या दोहोंसाठी काय करावे आणि कोठे थांबावे हे ठाऊक असलेले बरे.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. कोल्हापूरला बोलपट नवा नाही. प्रभात फिल्म कंपनी येथेच १९२९ साली निघाली आणि 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट तिने १९३२ साली पडद्यावर आणला. त्या काळी सगळा आवाज एकाच वाटेने येई. राजा डावीकडे बोलो की उजवीकडे, आवाज पडद्यामागच्या कर्ण्यांतून एकसारखाच निघे. पुढे ध्वनीच्या वाटा वाढत गेल्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी चित्रपटगृहांत आकड्यांच्या रूपात साठवलेला ध्वनी आला. त्यात पाच दिशांचे पाच आवाज आणि केवळ खर्जाचा सहावा, अशा सहा वाटा वेगळ्या ठेवलेल्या असत. तीच रीत नंतर घरात आली. टीव्हीकडून किंवा डिशच्या पेटीकडून आकड्यांचा एक प्रवाह येतो, प्रोसेसर तो वाचतो, प्रत्येक स्पीकरचा वाटा वेगळा काढतो, आकड्यांचे पुन्हा विजेच्या लहरींत रूपांतर करतो, आणि ॲम्प्लिफायर त्या लहरींना बळ देऊन स्पीकरकडे धाडतो. चांगल्या संचांत प्रोसेसर आणि ॲम्प्लिफायर अशा दोन निराळ्या पेट्या असतात. बहुतेक घरांत दोन्ही एकाच पेट्यात नांदतात.

आता मुख्य गोष्ट. बटन दाबल्याबरोबर हे यंत्र एकदम चालू होत नाही. ते पायरीपायरीने उठते. या पायऱ्यांचा क्रम ज्याला समजला त्याला अर्धे निदान समजले.

रात्री सगळा वाडा झोपला तरी एक राखणदार कंदील घेऊन जागा असतो, तशी या यंत्रात एक लहानशी विद्युत्‌व्यवस्था चोवीस तास जागी असते. तिला 'स्टँडबाय' म्हणतात. समोर जो लहान तांबडा दिवा दिसतो तो तिचा कंदील. ही झाली पहिली पायरी. आपण बटन दाबले की राखणदाराजवळचा छोटा मेंदू तो निरोप घेतो आणि एका रिलेला हुकूम करतो. रिले म्हणजे विजेने चालणारा खटका; पेट्यातून 'टक्' असा आवाज येतो तो त्याचाच. ही दुसरी पायरी. या खटक्याने मोठा ट्रान्सफॉर्मर जागा होतो, ॲम्प्लिफायरला वीज मिळते, आणि प्रोसेसर आपल्या स्मरणकोशातील आज्ञा वाचू लागतो. ही तिसरी. त्याच वेळी एक संरक्षक मंडळ तपासणी करते: स्पीकरच्या तारा एकमेकींना चिकटलेल्या नाहीत ना, बाहेर जाणाऱ्या वाटेवर नको तो एकदिश दाब नाही ना, उष्णता मर्यादेत आहे ना? सर्व ठीक असेल तर काही क्षणांनी दुसरा 'टक्' होतो आणि स्पीकर जोडले जातात. ही चौथी. तपासणीत खोट आढळली तर यंत्र स्वतःहून बंद होते.

या शेवटच्या वाक्यावर मी जरा थांबतो, कारण सारा विषय त्यात आहे. यंत्र मेले आहे, आणि यंत्र उठायला नकार देत आहे, या दोन अगदी निराळ्या अवस्था आहेत. जे यंत्र टक् करून पुन्हा मिटते ते बहुधा शाबूत असते. त्याने काही धोका पाहिलेला असतो. त्याला पुन्हापुन्हा बटन दाबून उठवणे म्हणजे नदीला पूर आहे म्हणून अडलेल्या बैलाला पराणी टोचण्यासारखे आहे. एखादे वेळी तो पाण्यात उतरेल, आणि मग नुकसान खरे होईल.

तपासाची रीत आपल्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. विहिरीवर मोटर चालते आहे आणि शेताच्या टोकाला पाणी येत नाही, तर तो सारी पाइपलाइन उकरत बसत नाही. मधला एक जोड सोडतो. तेथे पाणी आले तर दोष पुढे, न आले तर मागे. मग उरलेल्या भागाचा पुन्हा मध्य. यंत्राच्या बाबतीतही हेच करायचे. त्यासाठी प्रथम काही न उघडता, अंधाऱ्या खोलीत पेट्यासमोर बसावे, एकदाच बटन दाबावे, आणि काय दिसते व काय ऐकू येते ते नीट पाहावे. चार प्रकार संभवतात.

पहिला प्रकार: कसलाच दिवा नाही, कसलाच आवाज नाही. कंदीलच विझलेला आहे. येथे दोष यंत्राबाहेर असण्याची शक्यता मोठी. ज्या सॉकेटात पिन आहे त्याच सॉकेटात टेबललॅम्प लावून पाहावा. शेजारच्या सॉकेटात लावून उपयोग नाही. मधे एक्स्टेन्शन बोर्ड किंवा स्टॅबिलायझर असेल तर तो क्षणभर बाजूला काढून पाहावा. पुष्कळ यंत्रांची वायर मागच्या बाजूने निघणारी असते आणि झाडलोटीत ती सैल होते. काहींना मागे एक निराळा मुख्य स्विच असतो. घरातल्या मुलांना तो दिसतो, मोठ्यांना दिसत नाही. हे सर्व ठीक असेल तर फ्यूज. बाहेरून काढता येण्याजोगा फ्यूज असल्यास पिन काढून तो तपासावा आणि बदलायचाच तर त्यावर छापलेल्या आकड्याचा आणि त्याच जातीचाच घालावा. नवा फ्यूजही तत्क्षणी उडाला तर तिसरा घालू नये. फ्यूज हा रोग नव्हे, रोगाची बातमी आहे. आणि त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे बातमी आणणाऱ्याचे तोंड दाबून घराला आग लागू देणे होय.

दुसरा प्रकार: तांबडा दिवा आहे, पण बटन दाबले तरी यंत्र ढिम्म हलत नाही. राखणदार जागा आहे, निरोप पोचत नाही. प्रथम रिमोट सोडून यंत्रावरचे बटन दाबावे. ते चालले तर दोष रिमोटच्या सेलमध्ये. रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटन दाबले तर बहुतेक कॅमेऱ्यांत डोळ्यांना न दिसणारा किरण लुकलुकताना दिसतो. ही तपासणी फुकटची आहे. यंत्रावरचे बटनही चालत नसेल तर पिन भिंतीपासून काढून अर्धा तास तसेच ठेवावे. वीज चमकून गेली किंवा दाब क्षणभर खाली गेला की छोटा मेंदू मधल्यामध्ये अडकतो. पूर्ण वीज काढल्यावर तो नव्याने आरंभ करतो. बटन दाबून बंद करणे आणि पिन काढणे यांत फरक आहे, कारण बटनाने राखणदार झोपत नाही. तरीही न भागल्यास यंत्राच्या माहितीपुस्तकात 'रीसेट' कसे करावे ते दिलेले असते. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, म्हणून अंदाजाने बटने दाबू नयेत. रीसेटने आपण बसवलेली स्पीकरची मापे पुसली जातात, ती आधी टिपून ठेवावीत.

तिसरा प्रकार: टक् होते, पडदा उजळतो, आणि काही क्षणांत सारे मिटून तांबडा दिवा लुकलुकू लागतो. हा नकार. येथे पिन काढून स्पीकरच्या सर्व तारा यंत्रापासून सोडवाव्यात, आणि मग एकदा सुरू करून पाहावे. यंत्र उभे राहिले तर ते निर्दोष ठरून दोष तारांत किंवा स्पीकरांत आला. मग पुन्हा पिन काढून अर्ध्या तारा जोडाव्यात, आणि असे अर्धे-अर्धे करीत अपराधी जोडीपर्यंत यावे. तार जोडताना किंवा काढताना पिन बाहेरच हवी. सर्व तारा सोडूनही यंत्र मिटत असेल तर दोष पोटात आहे, आणि तेथे घरच्या माणसाचे काम संपले.

नकार केव्हा येतो हेही बोलके असते. आरंभीच आला तर तारा चिकटल्या असाव्यात किंवा आतला ट्रान्झिस्टर गेला असावा. अर्ध्या तासाने आला तर उष्णता: पेट्यावर कोणी डिशची पेटी ठेवलेली असते, त्यावर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर फुलदाणी. आवाज मोठा केल्यावरच आला तर एखादा सुटा धागा कंपनाने शेजारणीला शिवत असावा.

चौथा प्रकार: यंत्र सुरू राहते, पण पडद्यावर नाव येऊन तेथेच थिजते, किंवा सर्व काही दिसते आणि आवाज नाही. येथे टीव्हीच्या, डिशच्या, इंटरनेटच्या सर्व केबली काढून यंत्र एकट्याने सुरू करून पाहावे. एचडीएमआय केबलीतून आवाज-चित्राबरोबर 'चालू हो', 'बंद हो' असे हुकूमही जातात. टीव्हीच्या चुकीच्या हुकमाने बंद पडलेल्या प्रोसेसरचा दोष प्रोसेसरवर येतो. एकटे यंत्र उठत असेल तर एकेक केबल लावीत जावे. यंत्र आपल्या आज्ञावलीची नवी आवृत्ती घेत असताना वीज गेली असेल, तर मात्र त्याचा स्मरणकोश अर्धवट लिहिलेला राहतो. ते काम जाणत्या कारागिराकडे द्यावे. म्हणून ढग भरून आलेले असताना अशी नवी आवृत्ती कधीही घेऊ नये.

तिसऱ्या प्रकाराचा एक अनुभव सांगतो. आमच्या शेजारच्या घरी दिवाळीच्या रंगकामानंतर यंत्र उठेना. टक् होई आणि मिटे. शहरातल्या एका दुकानात नेले. तेथे त्यांनी दोन दिवस ठेवून "बोर्ड गेलाय की ओ, खर्च करण्यात अर्थ नाही" असे सांगून परत दिले. घरधनी निवृत्त, नवीन घेण्याची ऐपत बेताची, आणि घरात पडून असलेल्या वडिलांना संध्याकाळचे कीर्तन त्या स्पीकरांतूनच नीट ऐकू येई. टीव्हीचा स्वतःचा आवाज त्यांना पुरत नसे. आम्ही सर्व तारा काढल्या. यंत्र उठले आणि उठलेलेच राहिले. मागल्या डाव्या स्पीकरची जोडी लावली की मिटे. ती जोडी यंत्राच्या बाजूने सोडून मल्टिमीटरने मापली. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण सहा ओहम दाखवतो. येथे अर्धा ओहमही दिसेना. तारेचा माग काढला तेव्हा दाराच्या चौकटीवर रंगाऱ्याने तसबिरीसाठी ठोकलेला खिळा बरोबर तारेतून गेलेला सापडला. दुकानातल्या माणसाने यंत्र पाहिले होते, पण तो खिळा घरात होता. तेथे त्याने स्पीकर जोडूनच पाहिले की कसे, ते विचारण्यात आता अर्थ नाही. साडेतीन मीटर तार बदलली आणि काम झाले.

आता कोणी विचारील, यंत्र कधी खरेच मरत नाही का? मरते. आणि पुष्कळदा प्रथम मरतो तो राखणदारच, कारण तो कधी झोपत नाही. त्याच्या मंडळात लहान लहान कंडेन्सर असतात. त्यांतला द्रव हळूहळू सुकतो. अशा कित्येक कंडेन्सरांना १०५ अंश सेल्सियसला २००० तास असे आयुष्य दिलेले असते, आणि तपमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. गणित करून पाहा. कंडेन्सर ६५ अंशांवर राहिला तर ३२,००० तास. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे तो सुमारे साडेतीन-पावणेचार वर्षे टिकेल. तोच ४५ अंशांवर राहिला तर १,२८,००० तास, म्हणजे चौदा वर्षांहून अधिक. बंद कपाटात कोंबलेला पेटारा आणि मोकळ्या फळीवर ठेवलेला पेटारा यांच्या आयुष्यात एवढे अंतर पडू शकते. यंत्र ऐकत नसतानाही तास मोजले जातात, म्हणून गावाला जाताना पिन काढून ठेवावी.

अशा मरणाचे एक पूर्वचिन्ह असते. यंत्र प्रथम दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला उठू लागते, थंडीत अधिक त्रास देते, आणि काही महिन्यांनी अजिबात उठत नाही. या टप्प्यावर कारागिराकडे नेल्यास थोडक्यात भागते, कारण बदलायचा भाग चिमटीत मावण्याएवढा असतो.

बाकीचे शत्रू आपल्या हवापाण्यातले आहेत. व्याख्यानमालेचे दिवस तेच वळवाचे दिवस. दुपारी आभाळ भरते, विजा कडाडतात, आणि एक झटका तारेवाटे घरात शिरतो. तो केवळ विजेच्या पिनेतून येत नाही. डिशच्या आणि केबलच्या तारेतूनही येतो. म्हणून आभाळ भरू लागताच दोन्ही काढाव्यात. विजा डोक्यावर आल्यानंतर मात्र तारांना हात लावू नये. दुसरा शत्रू म्हणजे तुटलेला न्यूट्रल. खांबावर न्यूट्रल सुटला की २३० व्होल्टच्या घरात ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. घरातले काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद झाले तर आधी मेन स्विच बंद करावा, चौकशी मागाहून. तिसरा शत्रू म्हणजे ऊब शोधीत यंत्रात शिरणारी पाल आणि मुंग्या.

चौथा शत्रू पंचगंगेच्या काठच्या लोकांना सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पुराचे पाणी घराघरांत शिरले. पाणी ओसरल्यावर यंत्र पुसून, उन्हात वाळवून, "बघूया चालतंय का" म्हणून पिन लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. वरून वाळलेल्या यंत्रात गाळाचा पातळ थर राहतो, तो ओल धरून ठेवतो आणि वीज वाहू देतो. भिजलेले यंत्र पिन न लावता कारागिराकडे न्यावे. वीज न लावलेले यंत्र धुऊन-सुकवून कित्येकदा वाचते. वीज लावलेले फारसे वाचत नाही.

आता कोठे थांबावे ते सांगतो. घरातली वीज २३० व्होल्टची म्हणतात, पण तिचे शिखर ३२५ व्होल्टचे असते, आणि राखणदाराच्या मंडळातला मोठा कंडेन्सर त्या शिखराएवढा दाब साठवून ठेवतो. पिन काढल्यावरही तो काही काळ भरलेला राहू शकतो. म्हणून पेट्याचे झाकण ही आपली वेस. वेशीच्या आत ज्याने हे काम शिकले आहे त्यानेच जावे. आपला जुना रेडिओ कारागीर अशा यंत्राला एकदम वीज देत नसे. शंभर वॅटचा तारेचा बल्ब मालिकेत जोडून देई. असा बल्ब अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाह जाऊ देतो. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे. लखलखून मंदावला तर आशा आहे. एलईडी बल्बाने हे काम होत नाही. कारागिराच्या टेबलावर असा सिरीजचा बोर्ड दिसला तर यंत्र त्याच्या हाती निर्धास्तपणे द्यावे.

आणि देताना नुसते "बंद आहे" म्हणून देऊ नये. दिवा दिसतो का, किती वेळा टक् होते, किती वेळाने मिटते, तारा काढल्यावर काय झाले, त्याआधी वीज चमकली होती की रंगकाम झाले होते, हे एका कागदावर लिहून द्यावे. वैद्याला आपण पोट दुखते एवढेच सांगत नाही. कोठे आणि केव्हापासून ते सांगतो. त्या कागदाने कारागिराचा अर्धा दिवस वाचतो आणि आपले पैसे वाचतात.

बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात, परदेशी यंत्र समोर ठेवून, त्याचा एकेक भाग का आहे याचा विचार करीत १९१८ च्या सुमारास स्वतःचा चित्रपट-कॅमेरा बनवला, आणि त्यातून १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. आपल्याला प्रोसेसर बनवायचा नाही. तो कोणत्या पायरीवर थांबला एवढेच ओळखायचे आहे. तेव्हा पुढच्या वेळी तांबडा दिवा लुकलुकला तर बटनावरचे बोट काढा, पिन काढा, आणि तारा मोजायला बसा.